विकलेली मोटार पुन्हा दिसली तर

महोदय,

दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात आली की कोल्हापुरात अनेकांना आपल्या दारातली जुनी फियाट आठवते. कधी ती अचानक दिसतेही: उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमागे, नाहीतर कागलकडच्या वस्तीवर, टायर मातीत रुतलेले. जीव तुटतो, आणि लोक तिथेच बयाणा देऊन मोकळे होतात. जुन्या मोटारींचे काम करणारे म्हणून आमची कळकळीची विनंती आहे, आधी एक सकाळ तिला द्या.

ती तुमचीच आहे का, हे रंगावरून किंवा नंबरप्लेटवरून ठरवू नका. चासी नंबरची रिव्हेट मारलेली पट्टीसुद्धा दुसऱ्या गाडीवर चढवता येते. पत्र्यातच ठोकलेला चासी नंबर आरसी बुकाच्या झेरॉक्सशी एकेक अंक ताडून पाहा. तो गंजाखाली असेल तर डिझेलचा बोळा रात्रभर ठेवा आणि मऊ ब्रशने पुसा. पॉलिश पेपर, ग्राइंडर अजिबात नको. अंकांची कड झिजली की आरटीओत नंबरावर कागद ठेवून घेतलेली पेन्सिलची छाप उठत नाही आणि खाडाखोडीचा संशय तुमच्यावर येतो. इंजिन नंबर जुळला नाही तर बिघडत नाही, इतक्या वर्षांत इंजिन बदललेले असू शकते. मात्र तो बदल आरसीवर चढलेला हवा.

गाडी परत घ्यायची नसली तरी नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते जरूर तपासा. विकताना फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून दिल्या म्हणजे नाव उतरले असे नाही. ते कागद आरटीओत पोचलेच नसतील तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी घेणार असाल तर 15 वर्षांनंतरचे नूतनीकरण झाले आहे का, हेही विचारा. ते फॉर्म 25 वर, 5-5 वर्षांसाठी होते.

पत्र्याकडे सर्वांत जास्त वेळ द्या. प्रीमिअर पद्मिनीला, म्हणजे आपण फियाट म्हणतो त्या गाडीला, वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दाराखालचे पोकळ पट्टे कुजले की गाडी मधून बसते. एका बाजूने जॅक लावून दार उघडून पाहा. ते अडकू लागले तर पट्टे गेलेले आहेत. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बसतात तिथला पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने दाबा. शाहूपुरी, नागाळा पार्क भागातली गाडी असेल तर 2019 आणि 2021 च्या महापुराची शंका धराच. हेडलाइटच्या आत गाळाची रेघ, सीटच्या स्प्रिंगांना गंज, वायरिंगच्या जोडांवर हिरवे किटण, गिअरबॉक्सचे तेल दुधाच्या चहासारखे. पट्ट्यांतला गाळ वरून धुऊन निघत नाही, तो आतून पत्रा खात राहतो. रंग मारून विकलेली अशी गाडी दोन पावसाळ्यांत फुगे धरते.

इंजिन बिघडते ते बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी, घाईत स्टार्टर मारल्यामुळे. बरीच वर्षे उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरलेल्या असतात आणि जोर दिला की तुटतात. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण 10 मिली इंजिन ऑइल सोडा, एक दिवस थांबा. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका, त्याचा डिंक होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, म्हणून रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा घ्या. ब्रेकच्या चारही ड्रममधले सिलिंडर उघडल्याशिवाय गाडी हलवू नये. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने इंजिन फिरवा. ते दोन फेरे मोकळे फिरले की मगच बॅटरी जोडा.

— जुन्या मोटारींचे कारागीर, उद्यमनगर, कोल्हापूर