प्रयोगाच्या तासाची मजुरी कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या टॉवेल-चादर धंद्याने ‘नवीन काहीतरी’ करावे, असा सल्ला आपल्या पानांवर वरचेवर वाचायला मिळतो. सल्ला खोटा नाही. पण आपल्याकडे नवीन म्हटले की नवीन मशीनच डोळ्यांसमोर येते. वेगवान रॅपियर माग आणा, नक्षी विणणारे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड बसवा, अनुदानाची फाइल करा. १९९९ साली केंद्राची ‘टफ’ योजना आली, तीही मशीनच्या कर्जासाठीच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबरकी, म्हणजे माग जुळवायचे-दुरुस्त करायचे काम करण्यात माझा जन्म गेला. जुन्या मागावर काय काय करता येते ते मी पाहिले आहे, आणि ते का होत नाही तेही.

टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले रूळ असतात. एकाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा सैल. दोन आडवे धागे भरताना ते ठोकणारी फणी थोडी अलीकडेच थांबते, तिसऱ्याला पुरी ठोकते, तेव्हा सैल ताण्याचे लूप वर येतात. साध्या मागावर या सैल बीमचा ताण दोरी आणि वजनावर सांभाळायचा. बीम रिकामा होत गेला की ताण वाढतो, लूप आखडतो, टॉवेल हलका भरतो. मग व्यापारी काटा लावून माल परत करतो.

आमच्याकडच्या एका विणकराने यावर तोड काढली. भंगारातल्या सायकलचे सामान आणून त्याने एक दांडी केली. तिचे एक टोक बीमवर टेकलेले. बीम बारीक होईल तशी दांडी खाली यायची आणि वजन आपोआप पुढे सरकून ताण तेवढाच राहायचा. दुपारभर तो मागाखाली आडवा पडून खिळे-पट्ट्या जुळवत होता, मी पाने-पक्कड पुरवत होतो. दांडी चालली. टॉवेल एकसारखे उतरू लागले.

आठवड्याच्या पगाराच्या दिवशी हिशेब आला. मजुरी नगावर, त्यामुळे माग बंद होता तेवढा वेळ फुकट. जुळवाजुळवीत बिघडलेले टॉवेल सेकंड, म्हणजे दुय्यम माल धरून त्याचेही पैसे कापलेले. शेठ म्हणाले, “काम चांगलंय, पण ते तुझ्या वेळात कर.” नगावर पोट असलेल्या माणसाला स्वतःचा वेळ कुठला? त्याने दांडी काढली आणि कोपऱ्यात टाकून दिली.

त्याच कारखान्यात सूचनापेटीही होती. तिची किल्ली कोणाकडे, हे कधी कळले नाही. शिवाय पूर्व भागातल्या निम्म्याअधिक विणकरांच्या घरी तेलुगू बोलतात. माग दाखवून दहा मिनिटांत सांगता येईल ते मराठीत अर्ज करून पेटीत टाक म्हणणे, ही चेष्टाच झाली.

टोयोटाचे नाव घेतले की आपल्याला मोटारी आठवतात, पण त्या घराण्याचा मूळ धंदा मागाचाच. साकिची टोयोदा हा सुताराचा मुलगा. धागा तुटला की आपणहून थांबणारा त्याचा माग १९२४ साली आला आणि पुढे १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले. इंग्रजांनी जपानी माणसाकडून माग विकत घ्यावा! त्याच घराण्याच्या मोटार कंपनीने १९५१ पासून कामगारांच्या सूचना मागवून त्यावर बक्षिसे द्यायला सुरुवात केली.

आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्याने जुन्या नावाची राखण होते. नवा वाण, नवी वीण त्यातून निघत नाही. पानिपतचा माल स्वस्त पडतो हे रडगाणे आपण किती वर्षे गाणार?

कारखानदारांना एकच विनंती आहे. प्रत्येक शेडमध्ये एक जुना माग प्रयोगाला सोडा. त्यावर बसेल त्या विणकराला, जॉबरला त्या दिवसापुरती नगावर नव्हे, हजेरीवर मजुरी द्या. जमलेली युक्ती दुसऱ्या मागांवर चढवली, तर काढणाऱ्याला दर मागाला काही रक्कम ठरवून द्या. यंत्रमागधारकांच्या संघटनेने मजुरीच्या पुढच्या बोलणीत हे कलम घालावे. कामगार संघटनांनीही बोनसइतकेच ते लावून धरावे. प्रयोगात बिघडलेल्या मालाची धास्ती नको. सेकंडचे टॉवेल आजही किलोवर विकले जातातच.

आपला,
एक निवृत्त जॉबर,
पूर्व भाग, सोलापूर