यकृत भरून येते, पण कारण हटवले तर

महोदय,
‘यकृत आपोआप भरून येते’ हा दिलासा अर्धवट आहे आणि दारू न सोडणाऱ्याला तो घातक ठरतो. उंदराचे दोन तृतीयांश यकृत कापले तरी आठवडा-दहा दिवसांत ते जवळपास मूळ वजनाला येते. कुप्फर या रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेले इंटरल्युकिन-६ सारखे संदेश त्याला चालना देतात. मात्र दारू किंवा हिपॅटायटिस-सी विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे चालू राहिला की मॅक्रोफेज पेशी (कुप्फर पेशी याच प्रकारच्या) टीजीएफ-बीटा हा संदेश सोडत राहतात, त्यामुळे यकृतातल्या स्टेलेट पेशी कोलॅजन हे तंतुमय प्रथिन तयार करतात आणि व्रण साचतो. कारण हटवले (सी विषाणूला बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात) तर मॅक्रोफेजच तो व्रण विरघळवू लागतात. सिऱ्हॉसिस (व्रण साचून यकृत कडक होणे) झालेल्यांनी विषाणू गेल्यावरही दर ६ महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नये; कर्करोगाचा धोका उरतोच.