हवाईचा नव्हे, क्वीन्सलंडचा

महोदय,

सुक्यामेव्यावरील आपल्या लेखात मॅकाडेमिया हा टणक कवचाचा मेवा हवाईचा म्हटला आहे. हवाईत त्याचं बी गेलं एकोणिसाव्या शतकात, ऑस्ट्रेलियातून. मी तिथल्या क्वीन्सलंड राज्यात, ब्रिस्बेनला राहते. ही झाडं इथल्याच पर्जन्यवनांतली, प्रोटिया कुळातली. जाती चारच. त्यांतली मॅकाडेमिया जॅन्सेनी १९८३ मध्ये क्वीन्सलंडमधल्याच बुलबुरिनच्या रानात सापडली. तिथे जेमतेम शंभरेक झाडं, आणि २०१९ च्या वणव्यात त्यांतलीही काही जळाली. तिचं बी बारीक, कडू, खाण्यालायक नाही. म्हणून ती कुचकामी, असं कुणी म्हटलं की मला फार राग येतो. मॅकाडेमियाच्या जगभरच्या बागा मोजक्याच झाडांच्या वंशातून वाढल्या आहेत, म्हणून नवे गुण रानजातींत शोधावे लागतात. ठेंगणी झाडं हवी असलेले संशोधक आज याच रानजातीकडे वळतात. पुढच्या लेखात तिला दोन ओळी जरूर द्याव्यात.

— एक वाचक, ब्रिस्बेन