डेटा लीकची भरपाई: ‘सोडून द्या’ म्हणणं सोपं आहे

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला डेटा लीकच्या भरपाईवरचा लेख वाचला, रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं म्हणून लिहितेय. लेखकाचं म्हणणं असं की पदरात किरकोळ रक्कम पडणार, वकील मलई खाणार, तेव्हा क्लेम फॉर्म वगैरे भरत बसू नका, दुर्लक्ष करा.

दुर्लक्ष केलं की विषय संपत नाही हो. अमेरिकेतल्या क्लास अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे अनेकांच्या वतीने केलेल्या सामूहिक दाव्यात, ज्यांचा डेटा गेला ते साधारणपणे आपोआप दाव्यात धरले जातात, बाहेर राहायचं तर मुदतीत तसं कळवावं लागतं. गप्प बसलात तर पैसेही नाहीत आणि पुढे स्वतंत्र केस करायचा हक्कही गेला. इंग्लंडमध्ये बहुतेकदा उलटं, सही करून सामील व्हावं लागतं. आपला दावा यातला कुठला ते आधी बघा, एवढं एक वाक्य तरी लेखात हवं होतं.

आधी मीही दुर्लक्षच केलं होतं. ‘तुमची काही माहिती इतरांच्या हाती लागली असण्याची शक्यता आहे’ असा कंपनीचा मेल आला, मी पासवर्ड बदलला आणि विसरून गेले. तीन महिन्यांनी आईला फोन आला. माणूस बोलायला सभ्य, नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, मग म्हणाला, ‘घर नंबर 17 ना?’ आमचं घर 71. त्या कंपनीतलं खातं आईसाठी मीच उघडलं होतं, घाईत आकडे उलटे पडले आणि दुरुस्त करायचं राहून गेलं, तो उलटा नंबर त्या एका कंपनीशिवाय कुणाकडेच नव्हता. आई म्हणाली, ‘नाही हो, 71.’ तो म्हणाला, ‘तेच तर दुरुस्त करायचंय, ओटीपी सांगा.’ तिने सांगितला. मी शेजारच्या खोलीत होते. बँक म्हणते ओटीपी तुम्हीच दिलात. आई आता अनोळखी नंबर उचलतच नाही, फोन पालथा घालून ठेवते.

म्हणून मला ‘किरकोळ रक्कम’ हा शब्द लागला. 2017 मध्ये इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणाऱ्या अमेरिकन कंपनीतून सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती गेली, 2019 च्या तडजोडीत 125 डॉलरचा पर्याय होता पण त्यासाठी ठेवलेले पैसे 3.1 कोटी डॉलरच, अर्जांचा पूर आला आणि लोकांच्या हातात फारच थोडं पडणार हे उघड झालं. लेखक इथेच थांबले. त्याच तडजोडीत प्रत्यक्ष नुकसान कागदपत्रांसह दाखवणाऱ्याला 20,000 डॉलरपर्यंत मागता येत होते, निस्तरण्यात गेलेल्या वेळेचेही तासाला 25 डॉलर होते. फरक पुराव्याचा आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने गुगलविरुद्धचा, सुमारे 40 लाख आयफोन वापरणाऱ्यांच्या वतीने केलेला दावा रोखला, कारण प्रत्येकाचं नुकसान वेगळं दाखवलेलं नव्हतं. उलट युरोपियन युनियनच्या कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं की माहितीचा गैरवापर होईल ही भीतीसुद्धा नुकसान ठरू शकते, मात्र ती सिद्ध करावी लागते. आईचा पालथा फोन मला तेव्हा आठवला.

शेवटी मी आईला विचारून त्या कंपनीविरुद्धच्या सामूहिक दाव्यात सामील व्हायचं ठरवलं. दाव्याबद्दल आलेल्या मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं नाही, कारण फुटलेल्या त्याच यादीवर भामटे खोटे क्लेम मेल पाठवतात, पत्ता स्वतः टाइप करून साइट उघडली. हरलो तर खर्च कुणावर, मधेच बाहेर पडलो तर काय, तडजोड झाली की कुठले हक्क सोडावे लागणार, हे वाचायला दोन संध्याकाळी गेल्या. मग आईने सही केली. खात्यातला तो 17 मी मुद्दाम तसाच ठेवलाय, त्याचा स्क्रीनशॉट, कंपनीचा मेल आणि त्या दिवशीचा कॉल लॉग फॉर्मसोबत जोडलाय.

जाता जाता अजून एक. हा लेख तुमच्या साइटवर उघडायला माझा मोबाईल नंबर आणि जन्मतारीख मागितली. बातमी वाचायला जन्मतारीख कशाला लागते? मी ती भरली, कारण लेख वाचायचाच होता, आणि आता खातं डिलीट करायचा पर्याय मला कुठेच सापडत नाहीये. तो कुठे आहे ते कृपया छापून कळवा.

आपली,
एक वाचक