काळ्या पडद्याची शिलाई

ती. स्व. काकांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

काल सकाळी तुमचा टेम्पो पुण्याला गेला. मी दुकान उघडलं, दोन साड्यांना फॉल लावले, आणि तिसऱ्या लाल साडीला हिरव्या दोऱ्यानं अर्धा काठ शिवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. उसवत बसण्यापेक्षा शटर अर्धं ओढलं आणि हे लिहायला घेतलं.

सगळ्यांच्या देखत लिहितेय, कारण घरी पाठवलं असतं तर तुम्ही "बरं बरं" म्हणून पेपरखाली सारलं असतं. शिवाय काही लोकांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. त्यांच्याकडे नंतर येते.

तुम्ही गेलात त्याचा राग नाही. प्रभात कंपनी इथंच १९२९ साली सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. कोल्हापुरातलं चांगलं ते पुण्याला जातं, ही जुनी रीत आहे. तुमच्या मुलाला कशाला बोल लावायचा?

चार वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर तुम्ही काउंटरवर काळ्या कापडाचा गठ्ठा टाकलात. "अस्तर लावून पडदा पायजे. सुईएवढा उजेड आत यायला नको." मला वाटलं घरात कुणाचे डोळे आलेत. विचारलं तर म्हणालात, "न्हाई ओ, रविवारी दुपारी पिक्चर बघतो."

"कुठला?"

"इराणचा. गाईचा हाय."

मी हसून म्हटलं, "मग मी पण येतो की." बोलायचं म्हणून बोलले. तुम्ही पावतीच्या मागं पत्ता लिहिलात. "तीनला या. काकू चहा करंल." शिलाई दोनशे ऐंशी झाली होती, ती घासाघीस न करता दिलीत, याचीही इथं नोंद असू दे.

तुम्हाला हे माहीत नव्हतं, की त्याच्या आदल्याच वर्षी मी असंच "मी पण येतो" दुसरीकडे म्हणून बघितलं होतं. आपल्या शहरात बायका येतो-जातोच म्हणतात. पण तिथं जगभरचे सिनेमे दाखवणाऱ्या मंडळींच्या टेबलामागं बसलेल्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि एक जण मोठ्यानं म्हणाला, "ताई, सबटायटल इंग्लिश असतात हं. आणि पळतात." मागं रांग होती. तरी मी पैसे भरले. सिनेमा कुठला ते आता आठवत नाही, कारण मी तो बघितलाच नाही, नुसती अक्षरांच्या मागं धावत होते. एक ओळ अर्धी वाचून होते तोवर दुसरी यायची. नंतर चर्चा होती. मी धीर करून विचारलं, की ती बाई शेवटी घर सोडून का गेली? उत्तर आलं, "आधी दिग्दर्शकाचं बाकीचं काम बघून या." परत येताना रंकाळ्यावर बसून भेळ खाल्ली आणि ठरवलं, हे आपलं काम नव्हे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, त्यानंतर पिको-फॉल. मोबाईलवर "तुमच्यासाठी खास" म्हणून जे येतं ते आमच्या गल्लीत सगळ्यांना तेच येतं, ते बघावं आणि झोपावं.

आणि मग तुमचा तो पडदा.

पहिल्या रविवारी तुम्ही 'गाव' लावलात. मला वाटलं, खेड्यावरचा असेल. फारसीत गाव म्हणजे गाय, हे तुम्ही सांगितलंत. दारियुश मेहरजुईचा १९६९ चा सिनेमा. साऱ्या वस्तीत एकच गाय, हसनची. तो तिला अंघोळ घालतो, तिच्याशी बोलतो. तो बाहेरगावी गेलेला असताना ती मरते. शेजारी घाबरून तिला गपचूप पुरून टाकतात आणि तो आल्यावर सांगतात, पळून गेली. मग हसन हळूहळू स्वतःच गाय होतो. गोठ्यात जाऊन वैरण चघळतो. आता, ज्या गावात लोक गंगावेशीत म्हशीच्या कासेखालचं धारोष्ण दूध उभ्यानं पितात, तिथल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला लागतं का? माझ्या मामाची म्हैस मेली तेव्हा मामा दोन दिवस तिच्या दाव्याजवळ बसून होता. इराणातला माणूस आणि करवीर तालुक्यातला माझा मामा. मी डोळे पुसले, तुम्ही तिकडं बघितलं नाहीत.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सिनेमा सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. दोन ओळींचं लांबलचक सबटायटल आलं आणि माझी दातखिळी बसली. तेवढ्यात तुम्ही रिमोट दाबलात. चित्र थांबलं. "थांबा जरा, चष्मा पुसतो." शर्टाच्या टोकानं चष्मा पुसलात, उजेडाकडं धरून बघितलात, परत पुसलात. तोवर माझ्या दोन्ही ओळी वाचून झाल्या. चित्र सुरू झालं. पुढच्या लांब ओळीला परत तेच. मला वाटलं, म्हाताऱ्याला धुळीचं लई वेड दिसतंय.

चार महिने मी तेच समजत होते. मग तुम्ही सेनेगलचा 'मंडाबी' लावलात, उस्मान सेम्बेनचा, १९६८ चा. मंडाबी म्हणजे मनीऑर्डर. डकारमधल्या एका बेकार माणसाला पॅरिसला रस्ते झाडणारा पुतण्या पंचवीस हजार फ्रँक पाठवतो. पोस्टात ओळखपत्र मागतात. ओळखपत्राला जन्माचा दाखला लागतो, फोटो लागतो, तिकीट लागतं. फोटोवाला पैसे घेऊन फसवतो. मनीऑर्डरचा बोभाटा झाल्यावर उधारीवाले दारात येतात. शेवटी ओळखीचाच एक साहेब "मी काढून देतो" म्हणून कागदावर सही घेतो आणि सगळं गिळतो. मी हसत होते आणि पोटात गोळा येत होता, कारण रेशनकार्डात नाव चढवायला मी ज्या खिडक्या फिरले त्याच खिडक्या, फक्त पुढची माणसं काळी. सेम्बेन आधी मार्सेच्या बंदरावर हमाली करायचा, मग फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहायला लागला, पण त्याच्या माणसांना त्या वाचता येत नव्हत्या म्हणून सिनेमाकडं वळला, आणि हा सिनेमा त्यानं त्यांच्याच वोलोफ भाषेत केला. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला ते टेबलामागचे दोघं आठवले. वाचता न येणाऱ्यांसाठी ज्यानं सिनेमा केला, त्याच्या दारात हे पहारेकरी!

'मंडाबी'त बोलणं फार. त्या दिवशी तुम्ही चष्मा चौदा वेळा पुसलात. मी नाही मोजलं, काकूंनी मोजलं. चहाचे कप उचलता उचलता त्या पुटपुटल्या, "चौदा. काच झिजंल आता." तेव्हा पहिल्यांदा मी पडद्याऐवजी तुमच्याकडं बघितलं. पुसून झालेला चष्मा तुम्ही खिशात ठेवत होतात. डोळ्यांवर नाहीच. तो जवळचा होता, पेपर वाचायचा. टीव्ही तुम्ही नुसत्या डोळ्यांनीच बघत होतात.

मग दुसरं कोडं. माझी ओळ वाचून झाली हे तुम्हाला कळायचं कसं? ते मला घरी गेल्यावर रात्री भाकरी थापताना सुचलं. मी ओठ हलवून वाचते. तुम्ही डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्या ओठांवर लक्ष ठेवून होतात, ओठ थांबले की बटण. तुम्हीच सांगितलं होतंत, टॉकीजमध्ये ऑपरेटर होतात तेव्हा रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका यायचा, तो हेरून दुसरं मशीन चालू करायचं, नाहीतर पब्लिक शिट्ट्या मारायचं. आख्खी नोकरी ज्यानं तो ठिपका चुकवला नाही, त्याला माझे ओठ कसे चुकतील!

मला कळलंय हे मी कधी दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तुम्ही ओशाळला असतात आणि माझं येणंही थांबलं असतं. आज सांगतेय, कारण आता तुम्ही दोनशेहून जास्त किलोमीटर लांब आहात.

त्यानंतर किती देश झाले! मिसळ खाऊन आले असं म्हटल्यावर तुम्ही मुद्दाम 'ताम्पोपो' काढलात, जुझो इतामीचा, १९८५ चा. ट्रक ड्रायव्हर टोपी घालून काउबॉयसारखा येतो आणि एका विधवेचं रामेनचं दुकान उभं करून देतो. दुसऱ्यांच्या दुकानातल्या रश्श्याचं गुपित काढायला ती सगळी जी हेरगिरी करतात, ती आपल्या मिसळवाल्यांनी बघितली तर शपथेवर सांगतील की आमच्याच कटावरून घेतलंय. 'ओनिबाबा'बद्दल मात्र मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. कानेतो शिन्दोचा, १९६४ चा. माणसाहून उंच गवत, त्यात लपून वाट चुकलेल्या सैनिकांना मारणाऱ्या सासू-सुना, मधे तो काळा खड्डा. गवताची सळसळ थेट उसाच्या फडाची. कागलकडं पाहुण्यांकडं गेले की अजून मी संध्याकाळी शेताच्या बाजूला बघत नाही. आणि लोटे रायनिगरचा १९२६ चा, काळा कागद कात्रीनं कापून केलेला राजपुत्र अहमद. त्या एका सिनेमाला काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पूर्ण वेळ बसल्या. माझं आजोळ कुडाळकडचं. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या लहानपणी समईच्या उजेडात बघितल्या होत्या, त्याच इकडं जर्मनीत उडत्या घोड्यावर बसलेल्या. कात्री चालवणारी बाई आहे म्हटल्यावर मी तो दोनदा लावायला लावला. कागद फिरवायचा की कात्री, हे मला बघायचं होतं.

चष्मा हळूहळू कमी होत गेला. तासाला दहादा, मग चारदा. गेल्या दिवाळीत आइसलँडचा 'रॅम्स' लावलात, २०१५ चा. शेजारी शेजारी राहून चाळीस वर्षं न बोललेले दोन भाऊ, चिठ्ठ्या पोचवतो तो कुत्रा. त्या दिवशी तुमचा हात खिशाकडं एकदाही गेला नाही. त्यात बोलणं कमी आहे, हे मला मान्य आहे. तरी पण.

लोक मदत करत नाहीत असं नाही. पण बहुतेकांची मदत मोठ्या आवाजाची असते. बँकेत फॉर्म भरून देणारा आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा विचारतो, "सही करता येते ना?" तुम्ही कमीपणा उचलून स्वतःच्या अंगावर घेतलात, मला दिसत नाही म्हणून थांबतोय असं दाखवलंत, आणि तेही कुणी बघत नसताना. माझ्या माहेरी याला माणसाची जात चांगली असणं म्हणतात, त्याचा जातीशी काही संबंध नाही. बाबूराव पेंटरांनी या गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, याचा अभिमान आपण सगळे भाषणात सांगतो. सांगावाच. पण सिनेमा दाखवायचा कसा, हे मी तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बघितलं.

आता कामाचं. काळा पडदा तुम्ही माझ्याकडं ठेवून गेलात, तो मी धुतलाय. एका बाजूचं अस्तर सुटलं होतं, ते घातलं. त्याचे पैसे नाहीत. काकूंची लोणच्याची बरणी माझ्याकडंच राहिली आहे, पुण्याला कुणी येणार असेल तर पाठवते.

डीव्हीडींच्या खोक्यात एक तबकडी बिननावाची निघाली. काल रात्री लावली. एक म्हातारा, एक मुलगी, बर्फ, एक लाकडी होडी. भाषा कुठली ते कळेना आणि खाली अक्षरंच नाहीत. मी शेवटपर्यंत बघितला. मुलगी होडी सोडून का गेली, ते मला कळलं असं वाटतंय.

तेवढा देश कुठला ते कळवा.

तुमची,
पिको-फॉलवाली