ओवीच्या डब्याबद्दल

चि. मंगेश,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू दारातूनच चिडून गेलास, म्हणून लिहितेय. फोनवर पुन्हा आवाज चढतील. आणि हे पत्र श्वेतासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. लेकराच्या खाण्याचा विषय निघाला की सगळे सुनेकडेच बघतात, ते मला पटत नाही.

ओवीचं वजन तीन महिने ८ किलो ८०० वरच अडकलंय. पाळणाघरातून डबा अर्धा परत येतो. तू म्हणतोस, खेळती पोर आहे, भूक लागली की मागेल. अरे, दीड वर्षाचं मूल मागत नाही. किरकिरतं, हातात बिस्कीट दिलं की गप्प होतं आणि जेवायच्या वेळी तोंड फिरवतं. अंगणवाडीत अशी किती लेकरं बघितली. काहींच्या घरी डाळ-भात असायचा, पण शेजारी बसून भरवायला कोणी नसायचं.

एवढ्याशा पोटाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण लागतं, मधे एक-दोनदा काहीतरी खाऊ. वरणाचं नुसतं पाणी देऊ नका. चमचा कलता केला तरी घास ओघळता कामा नये, इतकं घट्ट हवं. वर तूप. अंडं कुस्करून दे. चहा बशीतून दोन घोटसुद्धा नको. झालं, लागले शिकवायला. रागावू नकोस रे.

१९८२ च्या संपात दिलीपमामा ओवीएवढाच होता. आजोबांची गिरणी बंद, घरात तांदूळ मोजून. आजी पेज करायची. डाव तळाशी फिरवून शितं तेवढी मामाच्या वाटीत, वरचं पाणी मीठ घालून आम्हा बहिणींना. कितीही कामं पडलेली असोत, त्याला मांडीवर घेऊन बोटानं भरवायची. वाटी पुसून निघेपर्यंत उठायची नाही. आज त्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये तू नोकरी करतोस. आजोबा असते तर चाळभर सांगत फिरले असते. आणि त्यांच्या पणतीचा डबा अर्धा परत येतो, याने मला झोप लागत नाही.

संध्याकाळी आलास की मोबाईल लांब ठेव आणि अर्धा तास तिच्याजवळ बस. चिवडू दे, सांडू दे. जबरदस्ती नको.

नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवलीय. शनिवारी येताना वजनाचं कार्ड आण. आणि पाळणाघरातल्या ताईंना उद्याच विचार, दुपारी तिला भरवतं कोण?

तुझी,
आई