शाळांची रजिस्टरे अभ्यासाला द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जातनिहाय जनगणनेवर आपल्या पानांत बरेच लिहून येते आहे. २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही, म्हणून पुढच्या जनगणनेच्या १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेकडे सगळे डोळे लावून बसले आहेत. पण गरिबी कोणाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकते, हे सांगणारी माहिती सरकारी कपाटांत आजही आहे. तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

माझी नोकरी इंदूरच्या मिल भागातल्या सरकारी शाळेत झाली. आमच्याकडे शाळेशाळेत स्कॉलर रजिस्टर असते. मुलाचे नाव, जात, पत्ता, वडिलांचा व्यवसाय, प्रवेशाची तारीख, शाळा कधी आणि का सोडली, सगळे त्यात. ऐंशीच्या दशकातली पाने उघडली, की व्यवसायाच्या रकान्यात ओळीने ‘मिल मजदूर’, ‘मिल मजदूर’, मध्येच एखादा ‘जॉबर’, म्हणजे मजुरांवरचा मुकादम. १९९१मध्ये इथली हुकुमचंद मिल ही कापड गिरणी बंद पडली. पुढच्या पानांवर वस्त्या त्याच, आडनावेही तीच. व्यवसाय मात्र ‘ऑटो चालक’, ‘सब्जी का ठेला’, ‘चौकीदार’ आणि सर्वांत जास्त वेळा नुसतेच ‘मजदूरी’. त्या मिलच्या कामगारांना थकलेले पैसे मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. दरम्यान त्यांच्या मुलांचे काय झाले? कोण बारावीपर्यंत पोहोचले, कोणाची शाळा पाचवीतच सुटली, थोरल्याला कामावर घालून धाकटीला शिकवले का, जॉबरच्या आणि मजुराच्या घरात किंवा जातीजातींत काय फरक पडला? बरीचशी उत्तरे त्या पानांवर आहेत. तीस वर्षांनी घरोघर जाऊन विचारले, तर लोकांना एवढे आठवणारही नाही. आणि नमुना पाहणीत जिल्ह्यातली थोडीच घरे येतात. गिरणी कामगारांचा परदेशीपुरा आणि सधन विजय नगर यांतले अंतर त्यातून कसे दिसणार?

माहिती खुली झाली की काय होते, याचे उदाहरण देशातच आहे. प्राप्तिकर खात्याने बरीच वर्षे बंद असलेली आकडेवारी २०१६मध्ये पुन्हा प्रसिद्ध केली. तिच्या आधारे लुका शांसेल आणि तोमा पिकेटी या अर्थशास्त्रज्ञांनी १९२२पासूनचा हिशेब मांडला. वरच्या एक टक्का लोकांचा उत्पन्नातला वाटा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ६ टक्के होता, तो २२ टक्क्यांच्या आसपास गेला, असे त्यातून पुढे आले. ही झाली वरच्या टोकाची गोष्ट. खालच्या टोकाची माणसे प्राप्तिकराच्या कागदांत नसतातच. ती शाळेच्या, रेशनच्या आणि समग्र आयडीच्या, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंबवार ओळख क्रमांकाच्या, नोंदींत असतात.

शिवाय २०२२-२३पासून यूडायस या शाळांच्या देशव्यापी सरकारी माहिती प्रणालीत शाळेची नुसती बेरीज न भरता एकेका विद्यार्थ्याची माहिती भरतात. आठवीची टीसी घेऊन गेलेली मुलगी दुसऱ्या शाळेत नववीला बसली, की घरीच राहिली, हे आता शोधता येते. हे सगळे शिक्षकांनी रात्री जागून, सर्व्हर चालू होण्याची वाट पाहत भरलेले आहे. त्या श्रमाचा उपयोग वरिष्ठांना अहवाल पाठवण्यापुरताच का व्हावा?

या नोंदींत उणिवाही आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा बहुधा योजनेच्या मर्यादेच्या जरा खालीच असतो. झाबुआ-बडवानी या आदिवासी जिल्ह्यांतून बांधकामावर येणाऱ्या कुटुंबांची मुले कित्येकदा कुठल्याच शाळेच्या रजिस्टरात नसतात, आणि सर्वांत गरीब तीच. त्यांच्यासाठी पाहणी लागेलच.

दुसरी काळजी पालकांची. आधार आणि समग्र आयडी मागितले, की आया विचारायच्या, “मैडम, राशन तो बंद नहीं होगा?” त्यांची भीती खरी आहे. नोंदी जुळवून रेशनमधून नावे कापणे वेगळे आणि अभ्यास करणे वेगळे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीसाठी सवलत आहे, पण त्या माहितीवरून कोणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही, अशी अट आहे. ती कसोशीने पाळावी. नाव, आधार, घर क्रमांक काढून टाकून वॉर्डनिहाय माहिती द्यावी.

भोपाळचे आर्थिक व सांख्यिकी संचालनालय आणि आपले देवी अहिल्या विद्यापीठ यांनी शिक्षण विभागाबरोबर बसून हे काम हाती घ्यावे. घाई आहे ती जुन्या रजिस्टरांची. शाळा एकमेकींत विलीन झाल्या, तेव्हा एका बंद शाळेची रजिस्टरे मी जिन्याखाली, तुटक्या बाकांमागे पाहिली. कडांना वाळवी लागली होती. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांचे स्कॅनिंग होऊ शकते. जुन्या शाईतली अक्षरे लावायला माणसे हवी असतील, तर माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका इंदुरात पुष्कळ आहेत, आम्ही येऊ.

— एक निवृत्त शिक्षिका, नंदानगर, इंदूर